दुःखाचं गाणं झालं की माणूस बरा होतो का? (कृष्णवर्णीयांचं संगीत आणि गोष्टी)

मुलखावेगळी

ऑगस्ट १९३२. शिकागोचा पियानोवादक थॉमस डॉर्सी एका धर्मसभेत वाजवायला सेंट लुईसला गेला होता. तिथे त्याच्या हातात तार पडली. बायको नेटी बाळंतपणात गेली होती. तो घरी पोचला, आणि पाठोपाठ बाळही गेलं. मायलेकराला एकाच शवपेटीत पुरलं.

हा डॉर्सी आधी मा रेनी या गायिकेच्या मागे ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची लौकिक गाणी, वाजवायचा. चर्चमधल्या बऱ्याच लोकांना त्याची ती तऱ्हा पसंत नव्हती. नेटी गेल्यावर तो देवावर रुसला. मग काही दिवसांनी पियानोवर बसला आणि एका जुन्या भजनाच्या चालीवर त्याला शब्द सुचले: देवा, हात धर, मी थकलोय, माझ्यात बळ उरलेलं नाही. 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गाणं असं जन्मलं.

४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग मोटेलच्या सज्जात उभे होते. खाली उभ्या असलेल्या बेन ब्रांच या सॅक्सोफोनवादकाला त्यांनी सांगितलं, आज रात्रीच्या सभेत ते गाणं वाजव, छान वाजव. पुढच्याच क्षणी गोळी लागली. त्यांच्या अंत्यविधीला तेच गाणं गायिका महालिया जॅक्सन गायल्या. १९७२ मध्ये महालिया गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी गायिका अरेथा फ्रँकलिन तेच गायली.

एका माणसाच्या घरातला आकांत चाळीस वर्षं असा हातोहात फिरला. माझं मत असं की हे गाणं दुःख विसरायला लावत नाही. ते चारचौघांत मोठ्याने म्हणायला लावतं, आणि आधार त्यातूनच मिळतो. तुम्हाला काय वाटतं? कृष्णवर्णीयांच्या गाण्यांनी, गोष्टींनी तुम्हाला कधी सावरलंय का? आणि ज्यांची ती मुळात आहेत, त्यांना त्यांनी काय दिलं?

चहाबिस्कीट

वाचतोय. महालिया जॅक्सन आत्ताच शोधून लावली. अंगावर काटा आला.

अर्धविराम

लेख आवडला, पण 'बरं होणं' या कल्पनेची मला जरा धास्ती वाटते. फ्रेडरिक डग्लस स्वतः मेरीलँडमध्ये गुलामीत वाढला. १८४५ च्या आत्मकथनात तो लिहितो की महिन्याचा शिधा आणायला मोठ्या वाड्याकडे निघालेले गुलाम गात जायचे आणि आख्खं रान घुमायचं. पुढे उत्तरेत आल्यावर त्याला अशी माणसं भेटली, जी म्हणत, बघा, गातात म्हणजे सुखात असणार. डग्लस हे ऐकून थक्क झाला. त्याचं म्हणणं अगदी उलट होतं. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखी असताना, आणि अश्रूंनी जेवढं मन हलकं होतं तेवढंच गाण्याने होतं.

म्हणजे गाण्याने हलकं वाटतं हे डग्लसही मान्य करतो. पण ऐकणाऱ्याने 'किती सुंदर, यांनी दुःखातून सोनं केलं' म्हणून डोळे पुसले आणि चाबूक तसाच राहिला, तर काय उपयोग? मालकांनीही ती गाणी ऐकलीच होती.

मुलखावेगळी

@अर्धविराम, डग्लसचा मुद्दा एकदम रास्त. फक्त त्यातलं 'तेवढंच' मला कमी वाटत नाही. ज्याच्या हातात स्वतःचं शरीरही नाही, त्याला रडायची सोय मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

निळाई

अर्धविराम यांच्याशी सहमत, आणि मुलखावेगळीताईंशीही. कसं ते सांगतो.

मी भीमगीतांच्या घरातला. आमच्या वस्तीत कोणी गेलं की रात्री जागायला गायनपार्टी यायची. वामनदादा कर्डकांची गाणी पेटी-ढोलकीवर. त्यात रडणं होतं, पण एकदा बाबासाहेबांचं नाव आलं की बसलेली माणसं ताठ व्हायची. आंबेडकरी जलशांनी हेच काम केलं. जलसा ऐकून माणूस घरी जायचा तो मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं ठरवून. त्यामुळे 'बरं होणं' आणि 'लढणं' अशी दोन वेगळी खाती मी मांडत नाही.

आपला या लोकांशी संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तरही आलं. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल मराठीत लिहिलं, ते आमच्या आधीच्या पिढीने वाचलं. १९७२ ची दलित पँथर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेकडे बघून उभी राहिली, ते नावातच आहे.

जात आणि वंश एकच नाहीत, ती चर्चा इथे नको. पण 'आमची गोष्ट आम्ही सांगणार' ही हिंमत आम्ही तिथूनही घेतली.

तंबोरा

निळाई, १८७३ वरून आठवलं. त्याच वर्षी फिस्क ज्युबिली सिंगर्स हा गायकवृंद इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायला.

ही मंडळी कोण? नॅशव्हिलचं फिस्क विद्यापीठ. यादवी युद्धानंतर नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांसाठी १८६६ मध्ये सुरू झालेलं, आणि पाच वर्षांत कर्जात बुडालेलं. खजिनदार जॉर्ज व्हाइट संगीतही शिकवायचे. त्यांनी विद्यार्थ्यांचा एक संच बांधला आणि ऑक्टोबर १८७१ मध्ये पैसे उभे करायला बाहेर पडले. बहुतेक मुलंमुली जन्माने गुलाम होती. सुरुवातीला ती गोऱ्यांची प्रचलित गाणी म्हणायची आणि कार्यक्रम पडायचे. आईबापांची, गुलामीतली गाणी त्यांना येत होती, पण चारचौघांत म्हणायची तयारी नव्हती. त्यांच्यातली पियानोवादक एला शेपर्ड हिने नंतर लिहिलंय की ती गाणी गुलामीशी, त्या काळ्या दिवसांशी जोडलेली होती, आईवडिलांसाठी ती पवित्र होती, म्हणून बाहेर गायचा विचारही शिवला नव्हता.

मग हळूहळू त्यांनी ती गाणी कार्यक्रमात घेतली आणि सभागृहं स्तब्ध झाली. त्या पैशातून फिस्कची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. आजही आहे.

मला यातली ती घालमेल महत्त्वाची वाटते. घरातली जखम बाहेर दाखवायची की नाही, कोणाला दाखवायची, हे त्या मुलांनी स्वतः ठरवलं. @अर्धविराम, मालक चोरून ऐकतो त्यात आणि यात हाच फरक.

अर्धविराम

हे पटलं. पण ठरवलं ते कर्जाच्या दबावाखाली, हेही लिहा.

तंबोरा

लिहितो. कर्जाच्या दबावाखाली, उपाशीपोटी, आणि हॉटेलांनी दार लावून घेतल्यावर.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेबद्दल अजून कोणीच कसं लिहिलं नाही?

तिथे माणूस गेला की ब्रास बँड शवपेटीपुढे चालतो. जाताना अगदी संथ, पाय ओढत. ड्रमच्या तळाशी असलेल्या तारा सैल सोडलेल्या असतात, कधी त्यात रुमाल खोचतात, म्हणजे तो खणखणत नाही, नुसता दबका ठोका येतो. दफन झालं, किंवा पेटीची गाडी पुढे निघून गेली, की पेटीला 'सोडलं' असं म्हणतात. रुमाल निघतो, तारा ताणल्या जातात, एक कडकडीत ठोका पडतो आणि बँड नाचायच्या लयीत शिरतो. घरच्यांच्या मागे आख्खी गल्ली चालायला लागते. छत्र्या, हातरुमाल, घाम. काल रडणारी बहीण आज त्यात नाचत असते आणि कोणी तिला नावं ठेवत नाही.

हे नुसतं संगीत नव्हे. यामागे मंडळं आहेत. कृष्णवर्णीयांना विमा मिळायचा नाही, म्हणून त्यांनी वर्गणी काढून परस्परमदतीची मंडळं केली. आजारपणात डॉक्टर आणि मेल्यावर सन्मानाने दफन, बँडसकट. सुरामागे हिशेबाची वही होती.

आमच्या गोव्यातही ख्रिस्ती अंत्ययात्रेला बँड असतो. आमचा बँड शेवटपर्यंत गंभीरच राहतो. पण ट्रम्पेटवर भजन उचललं की पोटात कालवतं ते तसंच.

कोथरूडकर

मृत्यूनंतर नाचणं मला नाही पटत. ज्याच्या घरचा गेला त्याला काय वाटत असेल?

मांडवीकाठ

घरच्यांना हवं असतं म्हणूनच होतं. आणि किती हवं असतं बघा. २००७ मध्ये, कॅटरिना वादळानंतर दोन वर्षांनी, ट्रेमे या जुन्या वस्तीत लोक एका दिवंगत वादकासाठी वाजवत चालले होते. पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि दोन वादकांना धरून नेलं. लोक गप्प बसले नाहीत, पुन्हा रस्त्यावर उतरले. वादळाने अर्धी वस्ती देशोधडीला लावलेली. परत आलेल्यांना आपण अजून 'आपण' आहोत हे त्या मिरवणुकीतच कळायचं.

ह्यूस्टनची_ताई

कोथरूडकर, मी इथे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करते. नाव-गाव सांगत नाही, पण एक बघितलेलं लिहिते.

एक वयस्क कृष्णवर्णीय बाई शेवटच्या दिवसांत होत्या. बोलणं बंद झालेलं. तीन मुली खाटेभोवती. थोरलीने शब्दांशिवाय नुसता हुंकार धरला, खालच्या पट्टीत, तोंड मिटून. दुसरीने वर सूर लावला. धाकटी रडत होती, ती रडता रडताच त्यात मिसळली. पुष्कळ वेळ चाललं ते. आईचा श्वास घरघरत होता, तो थांबला नाही, वेदना गेली असंही मी म्हणणार नाही, औषध चालूच होतं. पण त्या तिघी आत आल्या तेव्हा एकमेकींशी बोलत नव्हत्या, कसलं तरी जुनं भांडण होतं. बाहेर पडल्या त्या एकमेकींना धरून.

नंतर थोरलीला विचारलं, हे कोणतं गाणं? म्हणाली, आजी कपडे धुताना असंच हुंकारायची, शब्द आम्हाला कोणालाच येत नाहीत.

रोग बरा करणं हे गाण्याचं काम नव्हे. धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे त्या तीन मुली.

चहाबिस्कीट

ताई, ऑफिसात वाचतोय. शेजारचा विचारतोय डोळ्यात काय गेलं.

सुईदोरा

सगळे संगीतावर लिहितायत, मी कापडावर लिहिते.

अलाबामात नदीच्या वळणात गीझ बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या बायका पिढ्यानपिढ्या गोधड्या शिवतात. मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. १९४२ मध्ये तिने त्याचे शेतात घालायचे कपडे काढले, उसवले आणि त्याची गोधडी केली. मुलीला म्हणाली, यात त्याची आठवण राहील आणि त्याच्या मायेखाली झोपता येईल. त्या गोधडीचा फोटो शोधून जरूर बघा. विटलेला निळा, राखाडी, मळकट पांढरा. अशा गोधड्यांत जिथे खिसा होता तिथलं कापड कमी विटलेलं, म्हणून तिथे गडद चौकोन राहतो. गुडघ्याजवळचं ठिगळही तसंच ठेवतात.

२००२ मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर लागल्या आणि समीक्षक आधुनिक चित्रकलेच्या भाषेत बोलू लागले. त्यात गैर काही नाही. पण त्या बाईने ती शिवली ती थंडीत अंगावर घ्यायला.

माझ्या आजीने आजोबांच्या धोतरांची गोधडी केली होती. मी अजून पांघरते.

रानवाट_कारवार

सुईदोरा, तुमच्यासाठी खास. उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बरेचसे पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, तिथून पळून घाट चढून आलेले. घरात कोकणी बोलतात, काहींना मराठी छान येतं. त्यांच्या बायका जुन्या साड्या-कपड्यांच्या गोधड्या करतात, तिला कवंद म्हणतात. कडेपासून आत शिवत जायची. चारही कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून लहान फुलं लावतात. फुलं नसली तर गोधडी उघडी, अपुरी मानतात.

गीझ बेंडशी याचं थेट नातं आहे असं मी म्हणत नाही. पण सिद्दींचा डम्माम हा ढोल वाजायला लागला की म्हातारे, पोरं, सगळे उठतात. गुजरातेत रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, तिथले सिद्दी 'धमाल' हा ढोलाच्या तालावरचा नाच-गाणं करतात, आणि मनाने खचलेली, 'बाहेरची बाधा' झालेली माणसं तिथे बरी व्हायला येतात. सगळ्या धर्मांची. आपण अमेरिकेबद्दल इतक्या आस्थेने लिहितोय, तर कारवारच्या वाटेवर उतरून हेही ऐका. कौतुक करायला गाडीत बसून फोटो काढू नका, एवढीच विनंती.

निळाई

शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन.

पानगळ

धाग्याच्या नावात 'गोष्टी' आहेत, म्हणून टोनी मॉरिसन या कृष्णवर्णीय लेखिकेकडे येते. 'बिलव्हेड' (१९८७). मागे खरी घटना आहे. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर गोठलेली ओहायो नदी ओलांडून मुलांसह पळाली, पकडणारे दारात आले तेव्हा लेक परत गुलामीत जाऊ नये म्हणून तिने तिला मारलं.

कादंबरीत बेबी सग्ज नावाची म्हातारी आहे. रानातल्या मोकळ्या जागेत लोकांना जमवते. पापपुण्य सांगत नाही. मुलांना म्हणते हसा, पुरुषांना म्हणते नाचा, बायकांना म्हणते रडा. थोड्या वेळाने सगळं मिसळतं, बायका हसतात, पुरुष बसून रडतात, मुलं नाचतात. मग ती सांगते, आपल्या हातांवर, मानेवर, काळजावर प्रेम करा, बाहेरचे करणार नाहीत.

पण मॉरिसन तिथे थांबत नाही. पुढे अंगणात ते भयंकर घडतं आणि हीच बेबी सग्ज अंथरूण धरते. उपदेश बंद. उरलेलं आयुष्य रंगांचा विचार करत काढते. म्हणजे बरं करणारीही मोडते. हे लिहिण्याचं धैर्य मला त्या प्रवचनाहून मोठं वाटतं. म्हणूनच मी ते पुस्तक वडील गेल्यावर वाचू शकले. 'सगळं ठीक होईल' सांगणारी पुस्तकं तेव्हा हातात धरवत नव्हती.

अर्धविराम

पानगळ, हेच मला म्हणायचं होतं आणि इतकं नीट म्हणता येत नव्हतं.

आणखी एक भर. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने १९२७ मध्ये अलाबामात कुजो लुईस या म्हाताऱ्याच्या मुलाखती घेतल्या. १८६० मध्ये क्लोटिल्डा जहाजातून आफ्रिकेहून गुलाम म्हणून चोरून आणलेल्यांपैकी तो एक, मूळ नाव कोसोला. ती त्याच्यासाठी पीच घेऊन जायची, कलिंगड घेऊन जायची, आणि तो ज्या दिवशी बोलणार नाही त्या दिवशी नुसती शेजारी बसून खायची. प्रकाशकांना त्याची बोली नको होती, प्रमाणभाषा हवी होती. हर्स्टनने बदल केला नाही. पुस्तक २०१८ मध्ये आलं, तोवर दोघेही कधीच गेले होते. आपल्याकडे बोलीत लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तंबोरा

कोणी अॅलिस कोल्ट्रेन ऐकली आहे का? डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मुलगी, नंतर जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची बायको. जॉन म्हणजे तोच, ज्याने १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्यावर दोन महिन्यांत 'अलाबामा' ध्वनिमुद्रित केलं. एकही शब्द नाही त्यात. सॅक्सोफोन शोकसभेत बोलतो तसा थांबत थांबत बोलतो.

१९६७ मध्ये जॉन गेला. पदरात चार लहान मुलं. अॅलिसची झोप उडाली, वजन उतरलं. ती ध्यानाकडे वळली, १९७० मध्ये भारतात आली, आणि १९८३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ आश्रम काढला. तिथे दर रविवारी भजनं. आपलीच संस्कृत नामं, पण मागे ऑर्गन आणि सिंथेसायझर, टाळ्या चर्चमधल्या, आणि गाणाऱ्यांचा आवाज थेट डेट्रॉइटचा. कॅसेटी फक्त आश्रमातल्या लोकांसाठी काढायची. बाहेर नीट पोचल्या त्या २०१७ मध्ये, ती गेल्यावर दहा वर्षांनी. आश्रम २०१८ च्या वणव्यात जळाला.

माझ्या भजनी मंडळात एकदा लावलं. आमचे मृदंगवाले आधी नाराज, मग तिसऱ्या आवर्तनाला मांडीवर ठेका.

कोथरूडकर

तंबोरा, ऐकलं. हे मला आवडलं. न्यू ऑर्लिन्सची चित्रफीतही बघितली. मृत्यूनंतर नाचण्याबद्दल अजून मन राजी नाही, पण त्या बहिणीचा चेहरा बघून मी बोलणार नाही.

मांडवीकाठ

एवढं पुष्कळ झालं! थोडं अवांतर: लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय जॅझ बँड १९३५ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलात आला, मागून टेडी वेदरफर्ड आला, आणि आमचे गोंयकार वादक त्यांच्याकडून शिकले. त्यातला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. 'अलबेला' मधल्या ट्रम्पेटवर भगवानदादा नाचले आणि आपण सगळे नाचलो. त्या कृष्णवर्णीय वादकांना स्वतःच्या देशात पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नव्हतं, हे लक्षात ठेवून ऐका.

वरणफळ

धागा वाचून घरात अरेथा लावली. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ही बाई जिवाच्या आकांताने कोणाला हाक मारतेय? म्हटलं, देवाला. म्हणाल्या, मग आवाज मोठा कर, त्याला ऐकू जायला हवं.

मुलखावेगळी

वरणफळ, सासूबाईंना नमस्कार सांगा.

व्यक्तिगत निरोपांत बरेच जण विचारतायत, सुरुवात कुठून करू. महालियाचं 'प्रेशस लॉर्ड', मग अरेथाने १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये गायलेली गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची, मैफल, तंबोरांनी सांगितलेलं 'अलाबामा', आणि नीना सिमोनचं 'मिसिसिपी गॉडॅम'. नीना मुद्दाम घेतलीय. त्याच चार मुलींवर आणि नागरी हक्कांचा कार्यकर्ता मेडगर एव्हर्स याच्या खुनावर तिने १९६४ मध्ये नाटकातल्या गाण्यासारखी उडती चाल लावून राग ओकला. दक्षिणेतल्या कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवलं नाही. अर्धविराम आणि निळाई म्हणतात तो चाबूक या गाण्यात सरळ नाव घेऊन येतो, आणि मला ते ऐकूनही तितकंच बरं वाटतं जितकं डॉर्सीचं ऐकून.

पुण्यातल्यांनी जमायचं का एखाद्या रविवारी? स्पीकर माझा.

निळाई

मी येतो. पण अर्धा वेळ वामनदादा.

तंबोरा

पेटी मी आणतो.

वरणफळ

सासूबाई विचारतायत, किती जण येणार? साबुदाणा भिजवायला रात्रीच सांगा.